दाराजवळची पिशवी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

अचानक घर सोडावं लागलं तर काय करायचं, हा विषय फोनवर काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई तब्येतीचं विचारायला लागते. म्हणून या वेळी लिहूनच पाठवतेय.

बाबा, त्या रात्री जिन्यात धूर भरला तेव्हा तुम्ही आईला खाली आणून सोडलंत आणि पुन्हा वर गेलात. कपाटातली फाइल आणायला. आग लवकर विझली आणि तुम्ही खोकत का होईना, खाली आलात. मला हे दोन दिवसांनी कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आगीत पुष्कळदा ज्वाळांच्या आधी धूरच जीव घेतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास असतो. डोकं जड होतं, माणूस गोंधळतो आणि आपण गोंधळलोय हेही त्याच्या लक्षात येत नाही. मग ओळखीच्या घरातलं दारसुद्धा सापडत नाही.

तुम्ही का गेलात ते मला कळतं. उभ्या जन्माची कमाई त्या कागदांत आहे. म्हणून नुसतं "जाऊ नका" म्हणत नाही. परत वर जायचं कारणच उरू नये, असं करू या. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. त्यांच्या प्रती एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला टांगा. फोटो माझ्याकडेही असू देत. त्याच पिशवीत दोघांची आठवड्याची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, जुना पण चालणारा चष्मा, कानाच्या मशीनचे सेल, किल्ल्यांचा दुसरा जुडगा, थोडे सुटे पैसे. आणि आपल्या सगळ्यांचे नंबर कागदावर, मोठ्या अक्षरांत. फोन बंद पडला तर माझा नंबर तुम्हाला पाठ आहे का? मला तुमचा नाही, हे मी परवाच पडताळून पाहिलं आणि फार वाईट वाटलं. आता पाठ करतेय.

आई, तुझ्या इन्सुलिनची धास्ती आता कमी कर. वीज गेली म्हणून ते लगेच वाया जात नाही. बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत २८ दिवसांपर्यंत बाहेर चालतं. तुझ्या पाकिटावर काय छापलंय ते मला वाचून दाखव. फ्रिजचं दार न उघडता ठेवलं तर आतला गारवा साधारण ४ तास टिकतो, तेव्हा दर दहा मिनिटांनी बघू नकोस. मात्र बाटली थेट बर्फावर ठेवायची नाही. इन्सुलिन एकदा गोठलं की नंतर वितळलं तरी टाकूनच द्यायचं.

पाणी माणशी रोज ४ लिटर धरा. तीन दिवसांचे दोघांचे २४ लिटर होतात. पण ते मोठ्या कॅनमध्ये नको, बाबांच्या कमरेला ते उचलणं झेपणार नाही. लहान बाटल्या भरा.

पलंगाशी दोघांच्या हाताला लागेल अशी एकेक बॅटरी आणि पायांशी चपला हव्यात. फुटलेल्या काचेवर अनवाणी पाय पडला तर पुढचं सगळंच अडतं. मेणबत्त्या नकोत. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या उघडायच्या आणि बाहेर पडायचं. फोनसुद्धा बाहेर गेल्यावरच.

फोन लागत नसेल तर मला साधा मेसेज टाका: "ठीक आहोत." कॉल अडकले तरी मेसेज बऱ्याचदा जातो. बाकी सगळ्यांना मी कळवेन, तुम्ही फोनची बॅटरी जपा.

आणि घर सोडायला सांगितलं तर शेजारी निघायची वाट बघू नका. तुम्हाला जिना उतरायला वेळ लागतो, म्हणून तुम्ही आधी निघायचं. लिफ्टने नाही. धूर असेल तर खाली वाकून, भिंतीच्या कडेने. आणि बाबा, एकदा बाहेर पडलात की पुन्हा आत जायचं नाही. कशासाठीही नाही.

पुढच्या महिन्यात येतेय. एका रात्री सगळे दिवे बंद करू. तुम्ही दोघं बॅटरी घेऊन पलंगापासून दारापर्यंत या, पिशवी खांद्याला लावा आणि खाली उतरा. मी घड्याळ घेऊन फाटकाशी उभी असेन.

तुमची,
धाकटी