तुझी पॉलिसी वाचली

चि. बाळा, अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली पॉलिसीची, म्हणजे समान संधीच्या धोरणाची, पीडीएफ काल रात्री शेवटपर्यंत वाचली. तुमच्या लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत दिव्यांग लोक घ्यायचं ठरलंय आणि ते काम तुझ्याकडे आलंय, खूप बरं वाटलं रे. २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा, २१ प्रकारची अपंगत्वं, २० किंवा जास्त माणसं असली की खाजगी कंपनीनेपण समान संधीचं सविस्तर धोरण करायचं, सगळं नीट आलंय. पण तुझा कागद माणसाच्या हातात नोकरीची ऑर्डर दिली की संपतो. मी इतकी वर्षं वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात सुपरवायझर होते, माणूस सुटतो तो नंतर, पहिल्या दोन-चार महिन्यात, आणि मग ऑफिसात सगळे म्हणतात त्याला जमलं नाही. काय जमलं नाही ते कोणी विचारत नाही.

खालच्या वाडीतली वहिनी आठवते ना, जिला ऐकू येत नाही? ती ग्रेडिंगला होती. २४० नंबर आणि ३२० नंबर म्हणजे एका पौंडात किती काजूगर बसतात त्यावरून, आणि तिचा हात इतका तयार की नुसत्या बोटांनी वेगळे करायची, पाकळी आणि तुकडा बाजूला. तरी ती नोकरी सोडायला निघालेली. कारण काय तर मधेच ऑर्डर बदलायची, आधीचा सुपरवायझर पाठीमागून ओरडून सांगायचा, तिला पत्ताच नाही, ती आपली जुनंच करत बसायची आणि मग सगळ्यांसमोर बोलणी खायची. मी आल्यावर आम्ही काय केलं, प्रत्येक ग्रेडचे मूठभर गर स्टीलच्या ताटलीत काढून ठेवले, पुढे नंबरची चिठ्ठी, आणि ऑर्डर बदलली की ती ताटली तिच्यासमोर सरकवायची. बस्स. घंटेच्या वायरीला एक बल्ब जोडून घेतला, वायरमनचं अर्ध्या तासाचं काम. नवीन पोरीसुद्धा त्या ताटल्या बघूनच शिकायला लागल्या आणि पुढे शिकवायला वहिनीच बसायची, तिचा पगारही त्याप्रमाणे वाढवून घेतला. हे पण लिही तुझ्या पॉलिसीत, बढतीचं. घेतलं त्याच टेबलावर रिटायर होईपर्यंत बसवायचं असं नको.

आता तुझ्या पॉलिसीत एक ओळ आहे, 'आवश्यक त्या सुविधा पुरवल्या जातील'. कोण पुरवणार, किती दिवसात, पैसे कुठून? यातलं काही नाही. आणि संपर्क अधिकारी म्हणून नाव घातलंयस मुंबईला बसणाऱ्या साहेबांचं. अरे ज्याला शॉपफ्लोअरवर अडचण आहे तो मुंबईला फोन करणार का? तिथे रोज दिसणारा माणूस घाल. तू स्वतः हो.

पावसाचंही बघ. आमच्याकडे पोलिओ झालेला एक माणूस पॅकिंगला होता, कुबड्यांवर चालायचा, उन्हाळ्यात काही त्रास नाही पण जून लागला की चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, कुबडी ठेवली की सटकते. खरखरीत सिमेंटचा उतार करून घेतला तेव्हा त्याच्या पावसाळ्यातल्या रजा थांबल्या. आणि त्याची सकाळची एसटी उशिरा पोचायची म्हणून रोज लेटमार्क लागत होता, त्याची वेळ अर्धा तास पुढे केली, संध्याकाळची शेवटची गाडी मिळेल एवढं बघून. काहीजण कुरकुरले, त्यांना म्हटलं तुमच्याकडे बाईक आहे, त्याच्याकडे काय आहे?

ऑफिसच्या जागांना दिसत नसलेली मुलं अर्ज करतील. ती स्क्रीन रीडर वापरतात, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, त्यातलं एनव्हीडीए तर फुकट आहे, पण तुमचा फॉर्म आणि हजेरीचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतं का ते आधी बघ. चित्रातली अक्षरं ओळखा असं फॉर्ममध्ये असलं तर हुशार मुलगा पहिल्याच पानावर अडकतो. आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, ४० टक्के अपंगत्व वगैरे सरकारी आरक्षणाला लागतं ते ठीक आहे, पण ३५ टक्केवाल्याला वेगळी खुर्ची हवी असेल तर त्याला कार्ड मागत बसू नका.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात लागलं. कंपनीतच कोणाला अपघात झाला, हात गेला, डोळा गेला तर काय, यावर तुझ्या पानांत एक अक्षर नाही. सरकारी नोकरीत असं झालं तर त्याच २०१६ च्या कायद्याच्या कलम २० प्रमाणे त्याला काढता येत नाही, पगार तोच ठेवून दुसरं काम द्यावं लागतं. ते कलम खाजगीला लागू नाही हे मला माहीत आहे. पण तुमची केमिकल कंपनी आहे बाळा, हे लिहून घेण्यासाठी भांड तू साहेबांशी, नाही म्हणाले तर परत भांड.

पॉलिसीची प्रत पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे नोंदवायच्या आधी गणपतीला घरी येशील तेव्हा प्रिंट घेऊन ये. वहिनीला वाचायला देऊया. ती लिहून सांगेल काय राहिलंय ते, आणि तिने सांगितलेलं माझ्या सांगण्यापेक्षा जास्त धर. तिच्या वेळेचे पैसे मात्र कंपनीकडून द्यायचे, फुकट सल्ला घ्यायचा नाही.

जेवणाची आबाळ करू नको.

तुझी,
आई