कोंबड्या-बदकांच्या डॉक्टरसाहेबांस जाहीर आभारपत्र

आदरणीय डॉक्टरसाहेब,
स. न. वि. वि.

आमच्या भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यातून आपण पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालात, तेव्हा निरोप समारंभात गाई-म्हशीवाल्यांची भाषणे झाली. कोंबड्या पाळणाऱ्या बायका मागे उभ्या होत्या. त्यांच्यातर्फे कोणीच बोलले नाही. तेव्हा राहून गेलेले आभार मी आज या पत्राने मानते आहे.

कुडाळ तालुक्यातील आमच्यासारख्या घरांत सातबारा सासऱ्यांच्या नावावर असतो, पण अंड्यांचे पैसे सासूबाईंच्या डब्यात जातात. तरीही कोंबड्यांविषयी सल्ला द्यायला येणारी बहुतेक माणसे ओटीवरच्या पुरुषांशी बोलून, चहा घेऊन निघून जातात. आपण पहिल्यापासून थेट मागील दारी आलात, खुराड्यात वाकून पाहिलेत आणि विष्ठा हिरवी आहे का, कोणती कोंबडी मान वेळावते आहे, हे सासूबाईंनाच विचारलेत. आपल्या दहा-पंधरा गावठी कोंबड्यांची कोणी इतकी आस्थेने चौकशी करील, असे त्यांना तोवर वाटले नव्हते.

मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, साथ आली की खुराडे रिकामे होणारच, हे आमच्या वाडीत सर्वांनी गृहीत धरले होते. या रोगावर औषध नाही, मात्र आधी दिलेली लस नक्की उपयोगी पडते, हे आपण पटवून दिलेत. खरी अडचण पुढेच होती. पिल्लांच्या डोळ्यात थेंब टाकून द्यायच्या लासोटा या मानमोडीच्या लशीची कुपी शंभर मात्रांची, आणि एका घरात पिल्ले जेमतेम दहा-बारा. एकदा विरघळवलेली लस तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणजे बाकीची वायाच जायची. त्यावर आपण सुचवलेला उपाय मला आजही फार हुशारीचा वाटतो. खुडूक बसलेल्या कोंबड्यांखाली वाडीतील सर्व बायकांनी एकाच आठवड्यात अंडी रवणीला घालावीत, म्हणजे एकवीस दिवसांनी सगळीकडची पिल्ले बरोबरच बाहेर पडतील आणि त्यांच्या पहिल्या आठवड्यात एका कुपीत सर्वांचे काम होईल. बर्फ घातलेला थर्मास घेऊन आपण घरोघर फिरलात. थेंब डोळ्यात पडल्यावर पिल्लू पापणी मिटेपर्यंत त्याला हातातून सोडायचे नाही, हे प्रत्येकीकडून करवून घेतलेत. पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली टोचायची, मानमोडीचीच आर-टू-बी लसही याच रीतीने दिली गेली. आता गटारीला, किंवा राखणदार देवाला द्यायच्या राखणीच्या कोंबड्यासाठी, बाजारात जाण्याची वेळ आमच्या वाडीवर क्वचितच येते. (त्या दिवसांतला बाजारभाव ऐकून सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, ते पाहण्यासारखे असते.)

बदकांच्या बाबतीत तर आम्ही पूर्णपणे आपल्याच भरवशावर होतो. खाकी कॅम्पबेल या जातीच्या बदकाची मादी अंडी भरपूर घालते, पण उबवायला बसत नाही; म्हणून ती अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत, आणि अठ्ठावीस दिवस लागणार असल्याने तिला रोज उठवून दाणा-पाणी द्यावे, ही आपली सूचना. कोंबडीने वाढवलेल्या बदकपिल्लांना लगेच पाण्यात सोडू नये, कारण त्यांच्या लवेला अजून तेल लागलेले नसते आणि ती भिजून गारठतात. पिण्याचे भांडे मात्र चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके खोल असावे. एका खेपेला पिल्लांचे पाय लुळे पडू लागले, तेव्हा शेजारपाजारच्यांनी बाहेरची बाधा काढायला सांगितले. आपण खाद्याची पिशवी पाहिलीत. बदकांना नायसिन हे बी गटातले जीवनसत्त्व कोंबड्यांपेक्षा जास्त लागते, असे सांगून आपण पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स सुरू केलेत आणि पिल्ले पुन्हा उभी राहिली. शेंगदाण्याची पेंड नाकाशी धरून, बुरशीचा जरा वास आला तरी ती बदकांना घालू नका, कोंबडी एक वेळ निभावून नेईल, बदक नेणार नाही, असे आपण निक्षून सांगितले होते. सासूबाई अजूनही प्रत्येक पोत्यातली मूठभर पेंड हुंगल्याशिवाय पातेल्यात टाकत नाहीत.

बदके आणि कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नका, हा आपला आग्रह मात्र आम्हाला सुरुवातीला जाचक वाटला होता. बदके पाणी सांडून तूस ओले करतात आणि ओल्या तुसात कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते, हे एक कारण लगेच पटले. दुसरे कारण आपण नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची आठवण देऊन सांगितलेत. 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथल्या कोंबड्यांत आढळला होता. हा विषाणू बदकाच्या अंगात काही लक्षण न दाखवताही राहू शकतो. 2021 च्या जानेवारीत परभणीतील मुरुंबा गावच्या बर्ड फ्लूची बातमी आली तेव्हा वाडीत घबराट पसरली, पण आमची बदके तोवर मांगराच्या (शेतावरच्या खोपीच्या) पलीकडे वेगळ्या आडोशाला गेली होती. अंडी शिजवून खायला हरकत नाही, हे बाजारात गिऱ्हाइकांना सासूबाई स्वतःच समजावून सांगत होत्या.

आता लशीचा थर्मास वाडीतील बायका आळीपाळीने दवाखान्यातून आणतात. आपल्या जागी आलेल्या ताईही मागील दारीच येतात. ती प्रथा आपणच पाडलीत, म्हणून त्याबद्दलही आभार.

सासूबाईंचा निरोप असा की, नोकरीत असताना आपण चहापलीकडे कधी काही घेतले नाहीत, अंडीसुद्धा पैसे मोजून नेलीत. आता तो नियम आपल्याला लागू नाही. तेव्हा वहिनींना घेऊन कोंबडी-वड्यांना यावे. दिवस आधी कळवावा, म्हणजे वड्यांचे पीठ दळून ठेवता येईल.

आपली नम्र,
वाडीतील एक सून