पेरणीचे पैसे डिपॉझिटात गेले: गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार.

मी मूळची वाशिम जिल्ह्यातली. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून जून २०२३ मध्ये चाकण एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्वालिटी विभागात रुजू झाले. पगार हातात २४,००० रुपये. ऑफर लेटर आले त्याच आठवड्यात वडिलांनी पीककर्ज उचलले होते, सोयाबीनच्या बियाण्यासाठी आणि खतासाठी. त्यातले जवळपास पन्नास हजार माझ्याबरोबर ट्रॅव्हल्समध्ये बसून पुण्याला आले. मेहकर गेले, सिंदखेडराजा गेले, जालना गेले. मी पर्स पोटाशी धरून जागीच. हे लिहून मी घरच्यांना अडचणीत आणू शकते, म्हणून गावाचे आणि बँकेचे नाव घालत नाही.

पैसे असे गेले. मोशीत एक वन आरके मिळाले, भाडे ९,५००. तीन महिन्यांचे डिपॉझिट २८,५००. पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ, ९,५००. एजंटला एका महिन्याचे भाडे, पुन्हा ९,५००. ‘अ‍ॅग्रीमेंटचे’ म्हणून २,३००. एकूण ४९,८००. गादी, बादली, शेगडी वेगळी. वडिलांना फोनवर आकडा सांगितला तेव्हा ते जरा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “भाड्यानं घेतलं का इकत घेतलं वं माय?”

आता कंपनीचा हिशेब. मी १६ जूनला रुजू झाले. आमच्याकडे हजेरी दर महिन्याच्या १५ तारखेला बंद होते, म्हणून जूनचे दिवस जुलैच्या पगारात धरले गेले आणि पहिला पगार ३१ जुलैला खात्यात पडला. पगाराला दीड महिना, आणि तो येण्याआधी दोन पगारांहून जास्त रक्कम घरमालकाच्या आणि एजंटच्या हातात. घर महाग आहे अशी माझी तक्रार नाही. चोवीस हजारांतून साडेनऊ जातात, ओढाताण होते, पण भागते. अडते ते उंबरठ्यावर. माझ्याबरोबर कॅम्पसमध्ये निवड झालेली आमच्या कॉलेजची एक मुलगी रुजू झालीच नाही. तिच्या घरी जुनी थकबाकी होती, त्या वर्षी पीककर्ज मिळाले नव्हते. कंपनीच्या नोंदीत ती ‘ऑफर नाकारली’ अशी असेल.

तुम्ही म्हणाल, स्वस्तातले काही बघायचे. बघितले. पहिले दहा दिवस भोसरीत कॉट बेसिसवर राहिले. एका खोलीत तीन कॉट, दोन वेळच्या डब्यासह ६,५००. बाई चांगल्या होत्या, पण गेट रात्री दहाला बंद. आमची सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते आणि कंपनीची बस भोसरीत सव्वाबाराला सोडते, तेही तळेगाव चौकात ट्रक अडकले नसतील तर. दर दोन आठवड्यांनी सेकंड शिफ्ट. बाईंनी स्पष्ट सांगितले, एकीसाठी गेट उघडले तर सगळ्यांसाठी उघडावे लागेल. मग फ्लॅट शोधायला निघाले तर एकट्या मुलीला फ्लॅट द्यायला कोणी तयार नाही. एका घरमालकाने विचारले, “लग्न झालेला भाऊ वगैरे येऊन राहील का?” माझा भाऊ तेव्हा दहावीत होता.

आमच्याकडे जागेचा भाव बसच्या स्टॉपवर ठरतो. ज्या चौकात कंपन्यांच्या बस थांबतात तिथली खोली पुढच्या चौकापेक्षा हजाराने महाग. हाच आमचा रेडीरेकनर, म्हणजे जागेच्या दरांचा सरकारी तक्ता. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे इकडे शेतकऱ्यांनी स्वतःच्या जागेत ओळीने खोल्या बांधल्या आहेत, दहा बाय दहाच्या, वर पत्रा, संडास सामायिक. आमच्या लाइनवरची कंत्राटी मुले तिथे एकेका खोलीत चार-पाच राहतात. दिवसपाळीचा उठतो तेव्हा रात्रपाळीचा आडवा होतो. भाडे रोख, करार नाही, पावती नाही. करार नाही म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. चार वर्षे चाकणला राहिलेल्या मुलाच्या आधारवर अजून औंढा नागनाथचा पत्ता असतो.

अशी खोली आपल्या राज्यात नवीन नाही. गिरण्यांच्या काळात कोकणातल्या गावांच्या मुंबईत गावकीच्या खोल्या असत. गावचा माणूस बोटीतून उतरला की थेट त्या खोलीवर जायचा, महिन्याला थोडी वर्गणी, जेवायला खानावळ, आणि पहिला पगार होईपर्यंत त्याला कोणी पैसे मागत नसे. गोव्याच्या खलाशांचे धोबीतलावला गावागावांचे क्लब होते, त्यांना ते कूड म्हणत. त्या खोल्यांत माणसे कोंबलेली असत आणि मला त्यांचे गोडवे गायचे नाहीत. पण पहिला पगार होईपर्यंत माणूस कुठे टेकेल, हा प्रश्न तेव्हा कोणीतरी सोडवला होता. आमच्या जिल्ह्याची चाकणला खोली नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे.

सरकारनेही प्रयत्न केले होते. मुंबईत १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. २००८ मध्ये एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, भाड्याच्या घरांची योजना आणली, तिथेही घर १६० चौरस फुटांचे. ऐंशी-नव्वद वर्षांत सरकारच्या मनातली कष्टकऱ्याची खोली फुटानेही वाढली नाही, हे मला गमतीचे वाटते. असो. ती तरी भाड्याची होती. पुढे पनवेलजवळच्या कोनची त्या योजनेतली घरे २०१६ मध्ये गिरणी कामगारांच्या मालकीसाठी सोडतीत काढली. कामगारांना घर मिळाले पाहिजे यात वाद नाही. पण भाड्याने द्यायला बांधलेले घरसुद्धा शेवटी मालकीचेच होते, आणि भाडेकरूची रांग होती तिथेच उभी राहते.

२०२५ च्या गृहनिर्माण धोरणाचे नाव ‘माझे घर, माझे अधिकार’ आहे. त्यात नोकरदार महिलांचा, औद्योगिक कामगारांचा उल्लेख आहे, कामाच्या जागेजवळ घर ही कल्पनाही आहे. ते वाचून बरे वाटले. पण पाच वर्षांत ३५ लाख घरे हा जो मोठा आकडा आहे, त्यात माझ्यासारखीची जागा कुठली? मला चाकणला घर विकत घ्यायचेच नाही. दोन वर्षांनी रांजणगाव एमआयडीसीत चांगली नोकरी लागली तर मी जाईन. म्हाडाच्या सोडतीत माझा नंबर लागला तरी हप्ता आणि भाडे एकदम भरायला माझ्याकडे पैसे नसतील.

ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते आता सांगते.

मोशीचे घर मी अकरा महिन्यांनी सोडले. मालकांनी डिपॉझिटमधून १२,००० रुपये रंगकामाचे म्हणून कापले आणि १६,५०० परत दिले. मी करार काढून पाहिला. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेले चार कागद. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, असे एजंट म्हणाला होता, मालक म्हणाले होते, माझे वरिष्ठही म्हणाले होते. सगळ्यांचे चुकले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ सांगते की करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर वादात, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरायचे, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मी हे कलम मालकांना फोनवर वाचून दाखवले. ते शांतपणे म्हणाले, “मग कोर्टात जा ना.”

त्यांचे बरोबर होते. बारा हजारांसाठी दिवाणी दावा लावायचा तर वकिलाची फी, खाडे, तारखा यांत बारा हजार संपतात. याच कायद्याच्या कलम २४ मध्ये मुदत संपल्यावर घर खाली करून घ्यायला मालकासाठी सक्षम प्राधिकारी, म्हणजे त्यासाठीच नेमलेला अधिकारी, आहे. जितके दिवस भाडेकरू जास्त राहील तितक्या दिवसांच्या भाड्याच्या दुप्पट भरपाई आहे. ती असायलाच हवी. मालकांची भीती मला समजते. १९४७ च्या भाडे कायद्याने गोठवलेली भाडी आणि पिढ्यानपिढ्या न सुटलेल्या खोल्या त्यांनी पाहिल्या आहेत. केंद्राच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत २०११ च्या जनगणनेचा आधार आहे: महाराष्ट्राच्या शहरांत सुमारे २० लाख घरे रिकामी, एकट्या मुंबईत ४.८ लाख. कुलूप लावून ठेवलेले घर भाड्याच्या घरापेक्षा सुरक्षित वाटते, म्हणून ती रिकामी राहतात. पण मालकाची भीती घालवायला कायद्याने जशी एक छोटी, झटपट खिडकी केली, तशीच त्या खिडकीला आमच्या बाजूनेही एक झडप का नाही? घर सोडल्यावर तीस दिवसांत डिपॉझिट नाही मिळाले, तर त्याच सक्षम प्राधिकाऱ्याकडे एका पानाचा अर्ज. मालकाने रंगकामाची बिले दाखवावीत, नाहीतर पैसे द्यावेत.

दुसरे घर घेताना मी हट्टाने करार नोंदवायला लावला. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी आला, वीस मिनिटांत काम झाले. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये, मुद्रांक शुल्क काही शे. मग मोशीच्या नोटरीचे २,३०० कसले घेतले होते, हे मी अजून शोधते आहे. पण खरी गंमत मुद्रांक शुल्काच्या आकडेमोडीत होती. शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, आणि त्या भाड्यात डिपॉझिटवरचे वर्षाला १० टक्के दराने व्याजही मिळवायचे असते. म्हणजे भाडेकरूच्या डिपॉझिटवर घरमालकाला १० टक्के मिळतात, असे शासन मानते, आणि त्यावर आपला वाटा घेते. ज्याचे पैसे, त्याला मात्र काही नाही.

आता माझ्या वडिलांचे कर्ज आठवा. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर शून्य टक्के पडते. व्याज शासन भरते. ते पैसे मोशीच्या घरमालकाकडे अकरा महिने बिनव्याजी पडून होते आणि करार नोंदवला असता तर त्यावरच्या मानीव व्याजावर दुसऱ्या खात्याने शुल्कही घेतले असते. शेतकऱ्याला दिलेली सवलत अशी फिरून शहरातल्या फ्लॅटच्या मालकाला मिळते. आम्ही त्या वर्षी अर्ध्या रानात घरचेच बियाणे पेरले.

जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नसावे असे आहे. तो राज्यांवर बंधनकारक नाही. पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यात राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंना त्याची धास्ती वाटते हे मला माहीत आहे, पण तो कायदा पुढे होणाऱ्या करारांसाठी आहे. अख्खा कायदा नसेल पटत तर ते एक कलम उचला. दोन महिन्यांची मर्यादा असती तर माझे साडेनऊ हजार वाचले असते. तेवढ्या पैशांत आमच्या भागात सोयाबीनच्या बियाण्याच्या किती पिशव्या येतात, हे कृषिमंत्र्यांना विचारा.

आणि शक्य असेल तर आणखी पुढे जा. डिपॉझिट मालकाच्या खात्यात जाण्याऐवजी नोंदणीच्या वेळीच सरकारी खात्यात जमा व्हावे, तुम्ही मानता ते १० टक्के नको, बचत खात्याइतके व्याज मिळाले तरी चालेल. नोकरी बदलली, गाव बदलले की तेच डिपॉझिट पुढच्या घराला वर्ग व्हावे. आज जुने डिपॉझिट परत येण्याआधी नवे भरावे लागते, आणि प्रत्येक बदलीला घरी फोन करावा लागतो.

एमआयडीसीतल्या वसतिगृहांबद्दल थोडेच लिहिते, कारण तिथे पाट्या लागतात आणि पाट्याच राहतात. केंद्राच्या नोकरदार महिला वसतिगृह योजनेत एक चांगला नियम होता: एकटीच्या खोलीचे भाडे पगाराच्या १५ टक्क्यांपर्यंत, दोघींच्या खोलीत १०, आणि मोठ्या खोलीत साडेसात टक्के. माझ्या पगारात एकटीच्या खोलीचे ते ३,६०० रुपये झाले असते. पगाराकडे बघून भाडे ठरवायचे, हे कोणालातरी एकदा सुचले होते. अशी वसतिगृहे औद्योगिक वसाहतींच्या आत बांधा, मुलांसाठीही बांधा, आणि कृपा करून त्यांची गेट शिफ्टच्या वेळा बघून उघडी ठेवा.

या जूनमध्ये माझी मामेबहीण रांजणगावला रुजू होते आहे. तिचे आणि माझे बोलणे रोज होते, पण नोकरीवर कमी. मामाकडे पेरणीला किती लागतील आणि तिला किती लागतील, यावरच ते संपते.

आपली,
चाकणची एक भाडेकरू

ता. क. मोशीच्या त्या खोलीत आता राहणारी मुलगी ओळखीची निघाली. तिने फोटो पाठवला. भिंतींना रंग दिलेला नाही. माझ्या कॅलेंडरच्या खिळ्याचे भोक तसेच आहे.