रग्बीतील फूट हावेपोटी नव्हे

रविवार पुरवणीतील रग्बीच्या इतिहासावरील लेखात १८९५च्या फुटीचे, म्हणजे उत्तर इंग्लंडचे क्लब रग्बी फुटबॉल युनियन या नियामक संस्थेतून बाहेर पडले त्याचे, खापर त्या क्लबांच्या पैशाच्या हव्यासावर फोडले आहे. हे अन्यायकारक आहे. उत्तरेत हा खेळ आधीपासूनच रुजलेला होता: यॉर्कशायर आणि लँकेशायर या तिथल्या काउंट्यांचे (परगण्यांचे) सामने १८७०पासूनचे. काउंटी अजिंक्यपद सुरू झाल्यावर पहिल्या आठपैकी सात विजेतेपदे यॉर्कशायरचीच. त्या भागातील संघांत खाणकामगार होते, गिरणीकामगार होते. सामन्यासाठी काम सोडले की त्यांची मजुरी बुडे. १८९३मध्ये यॉर्कशायरने मागितली ती एवढीच भरपाई, पगार नव्हे! युनियनच्या लंडनमधील सभेने ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळली. सुखवस्तू घरांतील खेळाडूंना परवडणारा हौशीपणा मजुरांवर लादणाऱ्यांची जबाबदारी लेखात नोंदवायला हवी होती.

– एक वाचक, सातारा