वाईत काय झाले ते कळते, काय होणार ते आधी कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या सातारा आवृत्तीतले वाईचे पान मी रोज सगळ्यात आधी उघडते. वाईत काय होऊन गेले हे त्या पानावरून व्यवस्थित समजते. वाईत काय होणार आहे, हे मात्र समजत नाही. व्याख्यान झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दीपप्रज्वलनाचा फोटो येतो, खाली डावीकडून कोण कोण उभे आहेत त्यांची नावे येतात, वक्ते काय म्हणाले त्याचे चार ओळींत सार येते. ते वाचून विषय आपल्या कामाचा होता हे लक्षात येते आणि हळहळण्यापलीकडे हातात काही उरत नाही. म्हणून विनंती अशी की, दर शनिवारी येत्या आठवड्यातल्या कार्यक्रमांची एक चौकट वाईच्या पानावर सुरू करावी.

वाई हे लहान गाव असले तरी विद्येचे गाव आहे. केवलानंद सरस्वतींच्या प्राज्ञपाठशाळेत शिकायला विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन इथे आले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत घडले आणि मराठी विश्वकोशाचे काम त्यांनी वाईतच उभे केले. १९७६ साली विश्वकोशाचा पहिला खंड आला, तो या गावातल्या टेबलांवर तपासून. आज किसन वीर महाविद्यालयात आजूबाजूच्या खेड्यांतली मुले-मुली शिकायला येतात, टिळक ग्रंथालय आहे, शाळा आहेत, भजनी मंडळे आहेत, घाटाघाटावर उत्सव समित्या आहेत. कार्यक्रमांचा तुटवडा वाईला कधी नव्हता. ते ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत, एवढेच दुखणे आहे.

कार्यक्रमाची खबर सध्या कशी लागते ते सांगते. एसटी स्टँडाजवळ फ्लेक्स लागतो. आधीच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच तो बांधलेला असतो, वाऱ्याने एक कोपरा सुटून नेमकी तारीख झाकली जाते. दुसरी वाट व्हॉट्सअॅपची. त्यावर येणाऱ्या पत्रिकेत वर अध्यक्ष, मग उद्घाटक, मग प्रमुख उपस्थिती, मग विशेष उपस्थिती, मग निमंत्रक आणि समस्त कार्यकारिणी. विषय शोधायला बोटांनी चित्र मोठे करावे लागते. ठिकाण ‘महाविद्यालयाचे सभागृह’, पण बाहेरच्या माणसाला आत येऊ देतात की नाही, याचा उल्लेख नाही. वेळ ‘सायं. ५’ आणि संपण्याची वेळ कुठेच नाही. शिवाय ही पत्रिका त्या त्या संस्थेच्या गटातच फिरते. ज्याला कार्यक्रम माहीत असतो त्यालाच तो पुन्हा पुन्हा कळतो.

संपण्याची वेळ ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. मी पसरणीची. आमचे गाव वाईपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे रात्री आठ वाजले तरी घरी येता येते. पण धोमच्या पलीकडून, जोर-जांभळीच्या खोऱ्यांतून शिकायला येणाऱ्या मुलींचे सगळे गणित शेवटच्या एसटीवर असते. पाचचा कार्यक्रम सत्कार उरकून साडेसहाला सुरू झाला तर त्यांनी काय करावे? त्या सरळ स्टँडवर जाऊन बसतात. मग आयोजक व्यासपीठावरून खंत करतात की आजच्या पिढीला वाचन-श्रवणाची आवड राहिली नाही. आवड आहे. चार दिवस आधी कळले तर मुलगी घरी विचारून वाईतल्या मैत्रिणीकडे मुक्काम करील, भाऊ मोटारसायकल घेऊन न्यायला येईल, आईसुद्धा सोबत येईल. त्याच दिवशी दुपारी कळले तर यातले काहीच होत नाही.

पुढच्या काही महिन्यांकडे नुसती नजर टाकली तरी चौकट भरायला अडचण येणार नाही, हे दिसते. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा. त्यात शाळा-महाविद्यालयांत काव्यवाचन, निबंध, ग्रंथप्रदर्शने होतात. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, म्हणजे मराठी भाषा गौरव दिन. दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली त्या दिवशी सी. व्ही. रामन यांनी आपला शोध जाहीर केला, म्हणून प्रयोगशाळांत प्रदर्शने मांडतात. मग ८ मार्चचा महिला दिन.

यातल्या २७ फेब्रुवारीबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, तेव्हापासून या दिवसाचा उत्साह वाढला आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या एका दिवशी, बहुतेक एकाच वेळी, प्रत्येक संस्था आपापल्या खोलीत आपापला कार्यक्रम करते. गावातले ऐकणारे तेवढेच, ते चार ठिकाणी वाटले जातात आणि चारही ठिकाणच्या मागच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. मग त्या भरायला आठवीचा वर्ग आणून बसवतात. आठ-दहा दिवस आधी सगळे एका चौकटीत छापून आले, तर आयोजकांनाच दिसेल की एकाने २६ला घ्यावा, दुसऱ्याने सकाळी घ्यावा. कुणी बैठक बोलवायला नको, कुणाचा मानपान आड यायला नको.

तिथीवर चालणाऱ्या उत्सवांची गोष्ट आणखी वेगळी. रंगपंचमीच्या बावधनच्या बगाड यात्रेची बातमी आपण आधी देता, कारण लोटणारी गर्दी आणि वाहतुकीतले बदल. पण कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीला देवी मानून होणारा उत्सव? शिवाजी महाराज आणि अफझलखान यांच्या प्रतापगडच्या प्रसंगापासून सांगितली जाणारी ही परंपरा. थंडी सरत असताना एकेका घाटाची पाळी येते, भीमकुंड आळी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, गंगापुरी. पालखी येते, मांडवात देवी बसते, प्रसादाच्या पंगती उठतात आणि संध्याकाळी कीर्तन, भजन, गाणे. प्रसादाचा दिवस सगळ्यांना माहीत असतो. कीर्तन कुणाचे, गायला कोण, हे त्या आळीच्या बाहेर फार कमी जणांना माहीत असते. एखादा गवई जीव ओतून गातो, समोर आळीतलीच पन्नास माणसे. पलीकडच्या घाटावर राहणारा, पेटी शिकणारा मुलगा घरात मोबाइलवर तेच राग ऐकत असतो. त्याला त्या सतरंजीवर पुढे बसून तबलजीचा हात जवळून पाहता आला असता. शिकणाऱ्याला असा एक तास क्लासच्या महिन्याभराला भारी पडतो.

मे महिन्यातल्या वसंत व्याख्यानमालेने हे काम वर्षानुवर्षे नीट करून दाखवले आहे. लोकमान्य टिळक स्मारक संस्थेची ही माला शंभरी ओलांडून पुढे गेली. मे लागला की व्याख्याने आहेत हे वाईकराच्या अंगवळणी पडलेले आहे, रोजचा वक्ता आणि विषय आधीपासून ठरलेला असतो, म्हणून माणूस आपली कामे त्याभोवती बसवतो. जेवणे लवकर उरकून बायका येतात, हे मी लहानपणापासून पाहिले आहे. याच दिवसांत पाचगणी-महाबळेश्वरला जाणारे हजारो लोक वाईवरून, आमच्या पसरणीच्या घाटातून जातात. त्यांतले कितीतरी २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ झालेल्या भिलारला मुद्दाम थांबतात. असा वाचणारा पाहुणा ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन मेणवलीचा वाडा बघतो आणि निघून जातो, कारण संध्याकाळी गावात व्याख्यान आहे हे त्याला सांगणारे कुणी नसते.

जागेची अडचण आपण सांगाल, ती मला मान्य आहे. पण मला लेख नको आहे. काय, कुठे, किती ते किती, सर्वांना खुला की नाही, शुल्क असल्यास किती, एवढ्या पाच गोष्टी एका कार्यक्रमाला दोन ओळींत मावतात. मान्यवरांची नावे या चौकटीत एकाचीही घेऊ नयेत, वक्ता किंवा कलाकार तेवढा असावा. एकदा नावे घ्यायला सुरुवात झाली की चौकटीची पत्रिका व्हायला वेळ लागणार नाही. बुधवारपर्यंत आलेलेच छापायचे, उशिरा आलेले नाही, हा नियम पहिल्या महिन्यात कडक पाळला की संस्था आपोआप वेळेवर कळवू लागतील. वक्तृत्व, चित्रकला, एकांकिका अशा स्पर्धांच्या नावनोंदणीची शेवटची तारीखही त्यातच द्यावी. खेड्यातल्या शाळेला स्पर्धेचे पत्रक पोचते तेव्हा मुदत सरलेली असते. आमच्या पसरणीने महाराष्ट्राला शाहीर साबळे दिले, तेव्हा आवाज गावांत आहेत याबद्दल कुणाला शंका नसावी. त्या आवाजांना तारीख वेळेवर मिळायला हवी.

माहिती गोळा करायला माणूस नसेल, तर तेही अवघड नाही. महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेची मुले आहेत, मराठी विभागाची मुले आहेत. दर आठवड्याला दोघांनी ग्रंथालय, शाळा, घाटावरच्या समित्या आणि सांस्कृतिक विभाग यांना फोन करून दोन-दोन ओळी लिहून आणल्या तर त्यांचाही बातमी लिहिण्याचा सराव होईल. आपल्या वार्ताहरांनी फक्त तारीख-वेळ पडताळून घ्यावी. पसरणी, बावधन, धोम या बाजूच्या गावांतले कार्यक्रम कळवण्याचे काम आम्ही काही जणी आनंदाने करू. फोन कुणाला करायचा तेवढे आपल्या कार्यालयाने सांगावे.

पहिली चौकट मराठी भाषा गौरव दिनाच्या आधीच्या शनिवारी यावी, अशी विनंती. म्हणजे यंदा २७ तारखेला कुठे जायचे ते आम्हाला घरी बसून ठरवता येईल.

कळावे,
आपली,
एक वाचक
पसरणी, ता. वाई, जि. सातारा