आता सोडून काय फायदा?

नाशिक,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय दत्ता,

परवा फोन ठेवल्यापासून तुझं एक वाक्य डोक्यातून जात नाही. "बावीस वर्षांत व्हायचं ते नुकसान होऊन गेलंय, आता सिगारेट सोडून काय फायदा?" फोनवर मी चिडलो. चिडून बोललेलं तू ऐकत नाहीस, हे मला सिन्नरच्या शाळेपासून माहीत आहे. म्हणून लिहितोय. सलग वाच, मध्ये उठून टपरीवर जाऊ नकोस.

मी डॉक्टर नाही. ऑपरेशन थिएटरमधून आलेला तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि स्लाइड पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर ठेवायची, एवढंच माझं काम. निदान त्या करतात. पण इतक्या वर्षांत माझीही नजर बसली आहे. निरोगी श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर बारीक केस असतात, रोपवाटिकेतल्या भातासारखे दाट. आत गेलेली धूळ, कफ ते सतत वर ढकलत असतात. वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्याच्या कापात पुष्कळदा ते केस दिसतच नाहीत. त्यांच्या जागी चपट्या पेशींचे थर असतात, कातडीसारखे. हा अजून कॅन्सर नव्हे. गेल्या महिन्यात मात्र एका कापात त्या थरांच्या शेजारीच तो होता. पेशींची केंद्रकं मोठी, गडद निळी, एकीसारखी दुसरी नाही. फॉर्मवर वय लिहिलं होतं, ४८. आपलं वय. त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

तू ज्याला 'नुकसान' म्हणतोस, ते त्या केंद्रकात होतं. धुरात ७,००० हून जास्त रसायनं असतात, त्यांतली सत्तरच्या आसपास कॅन्सर करणारी. मी एकाबद्दलच सांगतो, बेंझोपायरीन. पान, लाकूड, कोळसा, काहीही अर्धवट जळलं की ते तयार होतं. सिगारेटीत होतं तसं विडीतही होतं. गंमत नाही, वाईट वाटतं ते याचं, की ते मुळात फारसं चिकटणारं नसतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीर त्याला बाहेर काढायच्या धडपडीत त्यावर ऑक्सिजन चढवतं, लघवीवाटे निघून जावं म्हणून. याच खटाटोपात मधल्या टप्प्यावर त्याचं एक भयंकर रूप तयार होतं, आणि ते जाऊन डीएनएला चिकटतं. आपल्याच पेशीची सफाई त्याला धार लावून देते.

डीएनए म्हणजे त्या केंद्रकात ठेवलेली, चार अक्षरांत लिहिलेली पोथी समज, तीनशे कोटी अक्षरांची. हे रसायन त्यातल्या 'जी' या अक्षराला जाऊन बसतं. पेशीकडे दुरुस्तीची यंत्रणा असते. डाग पडलेला तुकडा कापून काढायचा आणि समोरच्या धाग्यावरून पुन्हा लिहायचा. बहुतेक डाग असे निघतात. पण त्याआधीच पेशीची विभागणी सुरू झाली, तर नक्कल करताना डागाखालचं अक्षर नीट वाचलं जात नाही. 'जी'च्या जागी 'टी' लिहिलं जातं. एकदा अशी नक्कल झाली, की ती चूक म्हणून ओळखूच येत नाही. पुढच्या प्रत्येक पेशीत ती तशीच उतरते.

आता पी-५३ नावाचं जनुक घे. पेशीत बिघाड दिसला की विभागणी थांबवायची, दुरुस्त होत नसेल तर त्या पेशीला मरायला लावायचं, हे त्याचं काम. १९९६ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या पेशींवर हेच धार लागलेलं रसायन टाकलं आणि पी-५३मध्ये ते कुठे चिकटतं ते पाहिलं. सर्वांत जास्त चिकटलं ते १५७, २४८ आणि २७३ या क्रमांकांच्या जागी. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पुष्कळ रुग्णांमध्ये हे जनुक बिघडलेलं असतं, आणि त्या बिघाडाची ठळक ठिकाणंही हीच. तोवर सिगारेट कंपन्या म्हणत होत्या की हा सगळा आकडेवारीचा खेळ आहे. तो शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला, तेव्हा अंगावर काटा आला होता. गुन्ह्याच्या जागी बोटांचे ठसेच सापडले होते.

आणि हिशेबही झालाय. २०१६मध्ये पाच हजारांहून जास्त गाठींचे डीएनए तपासून शास्त्रज्ञांनी काढलं की रोज एक पाकीट वर्षभर ओढलं, तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० बदल होतात. ते पाकीट वीस सिगारेटींचं, आपल्याकडची दहाची दोन, म्हणजे अगदी तुझ्याएवढंच. बावीस वर्षांचे ३,३०० झाले. स्वरयंत्राच्या पेशीत वर्षाला ९७, आणि जिथे धूर पोहोचतही नाही त्या मूत्राशयाच्या पेशीतसुद्धा १८.

तुझ्या आजोबांचं उदाहरण तू नेहमी देतोस. जन्मभर विड्या ओढल्या आणि ऐंशी पार केली. खरं आहे. बहुतेक बदल पोथीच्या अशा पानांवर पडतात जिथे फारसा फरक पडत नाही. कॅन्सर व्हायला एकाच पेशीत नेमक्या काही ठिकाणी घाव बसावे लागतात. आजोबांचे नाही बसले. पण त्याच आळीत, त्याच विड्या ओढणारे माझे काका बावन्नाव्या वर्षी गेले. आपण दोघं विडीच्या घरातले, दत्ता. आयांच्या मांडीवरच्या सुपात जर्दा असायचा, हजार विड्यांमागे मिळणाऱ्या पैशांतून आपल्या वह्या यायच्या. त्या बायकांना मी कधीच बोल लावणार नाही. पण काकांचा शेवटचा पावसाळा तूही पाहिलायस.

आणि हो, सिगारेट सोडून तंबाखू मळायचा विचार मनातून काढ. त्यातल्या नायट्रोसमाइन या कॅन्सर करणाऱ्या रसायनांना विस्तव लागत नाही, पान वाळवताना आणि मुरवतानाच ती तयार होतात. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलात डॉ. वसंत खानोलकरांनी तोंडाच्या कॅन्सरच्या हजार रुग्णांचा आढावा १९४४ सालीच छापला होता. आमच्या लॅबमध्ये आजही सर्वांत जास्त तुकडे येतात ते गालाचे आणि जिभेचे.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. झालेले बदल पुसता येत नाहीत, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. मी तुला खोटा धीर देणार नाही. पण २०२०मध्ये इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांनी सोळा जणांच्या श्वासनळीतल्या पेशी एकेक करून वाचल्या. ओढणाऱ्यांच्या बहुतेक पेशी बदलांनी भरलेल्या होत्या, पण थोड्या पेशी जवळजवळ कोऱ्या निघाल्या, जणू त्या माणसाने कधी ओढलीच नव्हती. ज्यांनी सिगारेट सोडली होती त्यांच्यात अशा पेशी चौपट होत्या, काहींमध्ये तर चाळीस टक्क्यांपर्यंत. धूर थांबला की या वाचलेल्या पेशी वाढतात आणि खराब झालेल्यांची जागा घेतात. तुझ्या छातीतही त्या असतील. तू रोज त्यांच्यावरही वीस सिगारेटी ओढतोयस.

ब्रिटिश डॉक्टरांना पन्नास वर्षं न्याहाळणाऱ्या पाहणीत दिसलं की आयुष्यभर ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात, आणि पन्नाशीला सोडणारे त्यांतली सहाएक वर्षं परत मिळवतात. तुला पन्नाशीला दोन वर्षं आहेत. सहा वर्षांत तुझी धाकटी कॉलेज संपवेल.

१८००-११-२३५६ हा सरकारचा फुकट नंबर आहे, पाकिटावरही छापलेला असतो. फोन कर. इथल्या एका छातीच्या डॉक्टरांशी मी बोललोय, निकोटिनची च्युइंगगम आणि गोळ्यांचं ते सांगतील. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने ये, सुनंदाला घेऊन ये. पहिले चार दिवस फार वाईट जातात म्हणतात, तेवढे इथेच काढ. मी रजा टाकली आहे.

तुझा,
रमेश