बाबा, झडपेचं आता ठरवू

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा बाबा म्हणाले, "सत्तरी उलटली, आता छाती चिरून काय करता?" आणि फोन आईच्या हातात दिला. फोनवर मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते आहे. आई, तू मोठ्यानं वाच, नाहीतर यांचा चष्मा सापडणार नाही.

किती वर्षं वाढतील ते राहू द्या, आजचे दिवस कसे चाललेत ते बघा. वावरात जाताना धुऱ्यावर थांबून तुम्ही दुपट्टा सोडता, पुन्हा बांधता. तो दम लागतो म्हणून, हे सालदारालाही कळलंय. रात्री दोन उशा लागतात. हे वय नव्हे. हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप कॅल्शियम साचून आखडली आहे. चांगली झडप उघडली की तीन-चार चौरस सेंटीमीटर वाट होते, तुमची एकाच्याही खाली आहे. गोळ्यांनी छातीतलं पाणी उतरतं, वाट रुंद होत नाही. दम लागायला लागल्यावर काहीच केलं नाही, तर अशा रोग्यांतले साधारण निम्मे दोनेक वर्षांत जातात. तुमच्यापासून हे लपवणार नाही.

डॉक्टरांनी तुम्हाला पाच मीटर चालवलं, तेव्हा तुम्ही हसलात. पण वय कागदावर काय आहे यापेक्षा माणूस किती झपझप चालतो, यावरून तो ऑपरेशन कसं झेलेल याचा जास्त अंदाज येतो. तुम्ही बरे चाललात. जोखीम आहेच, पक्षाघाताची, किडनीची, जिवाचीही. पण थांबण्यातली जोखीम मोठी आहे.

आता झडप कोणती, हे जरा निवांत ऐका. धातूची जन्मभर टिकते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली आपल्या देशातली झडप १९९० पासून बसवतात, ती स्वस्तही पडते. पण रक्त पातळ करायची गोळी कायमची, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या आयएनआर तपासणीसाठी सारखी तालुक्याची एसटी. मेथी-पालक एक दिवस पोटभर अन् मग आठवडाभर नाही, असंही चालत नाही, त्यानं गोळीचा असर कमी-जास्त होतो, म्हणून रोज साधारण सारखंच खायचं. विळा लागला तर रक्त लवकर थांबणार नाही. दुसरी जैविक झडप. ती दहा-पंधरा वर्षं जाते, आणि ही गोळी बहुतेकांना जन्मभर लागत नाही. मात्र ती गाईच्या हृदयावरच्या आवरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून करतात. नंतर कुणाकडून कळायला नको, म्हणून आधीच सांगते. तुमच्या वयाला डॉक्टर हीच सुचवतात, माझंही मत तेच. पण तुळशीची माळ तुमच्या गळ्यात आहे, ठरवायचं तुम्ही.

मांडीच्या रक्तवाहिनीतून झडप नेऊन बसवायचीही सोय आहे, फ्रान्समध्ये २००२ मध्ये पहिल्यांदा झाली. छाती उघडणं ज्यांना झेपत नाही त्यांना तिचा मोठा आधार. पण ती झडपच कित्येक लाखांची, आणि तुम्हाला उघडं ऑपरेशन झेपेल असं डॉक्टर म्हणतात.

आई, पुढचं तुझ्यासाठी. ऑपरेशनात कापलेलं छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर बादली नाही, मोटरसायकल नाही, खाटेवरून उठताना हातावर भार नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. पहिला महिना तोंडाला चव नसेल, झोप नसेल, चिडचिड तर विचारूच नको. "आधीच बरे होते" असं तुला वाटेल. बहुतेकांचं असंच होतं, खरा फरक दोन-तीन महिन्यांनी कळतो. गुडघे मात्र आहेत तसेच कुरकुरतील, त्याचं खापर ऑपरेशनवर फोडू नका.

महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं. आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळतं का ते तेवढं बघा. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की दातही दाखवून या. किडलेल्या दातातले जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतात, म्हणून ते आधी साफ करायचे असतात.

आणि बाबा, "वेचणी होऊ द्या, मग तूर निघू द्या" हे नको. कापूस वेचायला माणसं मिळतात. तारीख घ्यायची का ते आईकडून निरोप न देता तुम्ही स्वतः सांगा.

तुमची लेक